पडवीच्या तीन कमानी: फ्रीकॅडमध्ये कंस आखण्याचा अनुभव

देवगड तालुक्यातील आमच्या घराच्या पडवीला २०२५ च्या उन्हाळ्यात जांभ्याच्या तीन कमानी उभ्या राहिल्या. त्या कमानींचे आराखडे मी स्वतः फ्रीकॅड या संगणकावर आराखडे काढण्याच्या प्रणालीत केले. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेली नाही. विज्ञान शाखेची पदवी आणि नोकरीत हिशेब ठेवण्याचा सराव एवढीच माझी तयारी होती. गावाकडच्या घराची दुरुस्ती अंगावर घेतलेल्या आणि आराखड्याच्या टप्प्यावर अडलेल्या अनेकांशी गेल्या काही महिन्यांत बोलणे झाले, तेव्हा हा सगळा क्रम सविस्तर लिहून ठेवावा असे वाटले.

पडवीचे जुने लाकडी खांब वाळवीने पोखरले होते. सासऱ्यांची इच्छा अशी की खांब चिऱ्याचे (जांभ्याच्या कापीव दगडाचे) करावेत आणि त्यांच्यावर कमानी घ्याव्यात, कारण गावातील जुन्या घरांच्या कमानी अजून उभ्या आहेत आणि खाऱ्या हवेत लोखंडाचा भरवसा नाही. ८ डिसेंबर २०२४ रोजी आम्ही टेप धरून मापे घेतली. दर्शनी बाजू ७,८०० मिलिमीटर भरली. दोन टोकांचे खांब प्रत्येकी ७५० आणि मधले दोन प्रत्येकी ६०० धरले, तर मधली कमान २,१०० मिलिमीटरची आणि बाजूच्या दोन्ही प्रत्येकी १,५०० मिलिमीटरच्या होतात. खांबांची ही जाडी अभियंत्याने नंतर तपासून कायम केली.

तालुक्यातील एका अभियंत्याकडे नकाशाचे काम दिले. त्यांचे शुल्क ६,००० रुपये ठरले आणि त्यात ग्रामपंचायतीसाठी लागणाऱ्या सह्या धरलेल्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितले की परवानगीच्या नकाशात कमानीचा केवळ बाह्य आकार असतो. चिरा कसा कापायचा, साचा (कमान बांधताना तिला खालून धरणारा लाकडी आकार) केवढा करायचा हे तपशील त्यात येत नाहीत आणि प्रत्येक बदलासाठी नकाशा नव्याने काढून घ्यावा लागेल. घरातील चर्चा अजून संपलेली नव्हती आणि कमान किती उंच असावी याबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे होते. मापे बदलली की आकार आपोआप बदलेल अशा प्रणालीत हे काम करावे, असे मला त्यामुळे वाटले. फ्रीकॅड विनामूल्य आहे, तिची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्येच आली होती आणि आमच्याकडच्या जुन्या लॅपटॉपवर ती चालली. पुण्यात वास्तुकला शिकणाऱ्या भाच्याने राइनो ही आराखड्यांची दुसरी प्रणाली आणि त्यातील ग्रासहॉपर हा भाग सुचवला होता. राइनोची चाचणी आवृत्ती ९० दिवस मिळते. परंतु आमचे काम त्याहून लांबणार हे दिसत होते आणि नंतरचा परवाना खर्चिक आहे, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

फ्रीकॅडच्या स्केचर या भागात कंस आखण्याची दोन प्रमुख साधने आहेत. एकात आधी केंद्र टिचकवायचे, मग त्रिज्या आणि दोन टोके ठरवायची. दुसऱ्यात आधी कंसाची दोन टोके आणि मग त्यावरचा एखादा बिंदू द्यायचा. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जाते, हे शाळेत शिकलेले असल्यामुळे दुसरे साधन मला ओळखीचे वाटले. मात्र येथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. तिसरा बिंदू केवळ आखण्याच्या क्षणापुरता उपयोगी पडतो. कंस तयार झाला की प्रणाली त्याची नोंद केंद्राचे दोन सहनिर्देशक, त्रिज्या, आरंभकोन आणि अंत्यकोन अशा पाच राशींमध्येच ठेवते. या पाचही राशी निश्चित होईपर्यंत कंस मोकळा असतो, माऊसने ओढला की सरकतो, आणि आणखी किती राशी मोकळ्या आहेत तो आकडा प्रणाली बाजूला दाखवत राहते. ग्रासहॉपरमध्ये असे नाही. तेथे तीन बिंदू जिवंत राहतात आणि त्यांतला एक हलवला की कंस पाठोपाठ बदलतो. ग्रासहॉपरची उदाहरणे पाहून जे फ्रीकॅडकडे वळतील त्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. कोन ग्रासहॉपरमध्ये सहसा रेडियनमध्ये द्यावे लागतात, फ्रीकॅडमध्ये अंशांत, हाही.

डिसेंबरचा उत्तरार्ध या पाच राशींशी झगडण्यात गेला. केंद्र कोठे ठेवायचे हेच मला माहीत नव्हते, आणि केंद्र ठाऊक नसताना त्रिज्या ठरवता येत नव्हती. एखादी त्रिज्या अंदाजाने घातली की कमानीची टोके खांबांवरून सरकत. टोके खांबांना बांधली की माथ्याची उंची भलतीच येई. संध्याकाळी लाईट गेली की काम थांबे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथूनच सुरुवात होई. या काळात निराशा बरीच आली, हे नव्याने शिकणाऱ्यांसाठी नोंदवून ठेवते.

उलगडा झाला तो कमानी बांधणाऱ्या मेस्त्रींच्या बोलण्यातून. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ते जागा पाहायला आले. मी त्यांना कागदावर काढलेली त्रिज्या दाखवू लागले, तेव्हा ते म्हणाले, "वयनी, माका गाळो केवढो आणि उठाव केवढो ता सांगा. त्रिज्या घेवन मी काय करू? भिंतीर त्रिज्या खंय दिसता?" खांबापासून खांबापर्यंतचे मोकळे अंतर म्हणजे गाळा, आणि कमान जेथून सुटते त्या पातळीपासून माथ्यापर्यंतची उंची म्हणजे उठाव. जागेवर टेप लावून मोजता येतात अशा या दोनच गोष्टी आहेत. केंद्र आणि त्रिज्या या दोहोंतून निघतात. प्रणाली कंसाची नोंद ज्या राशींत ठेवते त्याच राशी आपण भरल्या पाहिजेत असे मुळीच नाही. जे आपल्याला खरोखर ठाऊक आहे ते अटींच्या रूपाने सांगावे आणि उरलेले तिला काढू द्यावे. हे एकदा पटले, आणि पुढचे सगळे काम या एकाच विचारावर उभे राहिले.

यातले गणित सोपे आहे. वर्तुळातील दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा त्यांच्या तुकड्यांचे गुणाकार समान असतात, या दहावीच्या प्रमेयातून ते निघते. गाळ्याच्या निम्म्याचा वर्ग अधिक उठावाचा वर्ग, या बेरजेला उठावाच्या दुपटीने भागले की त्रिज्या मिळते. परंतु स्केचरमध्ये हे सूत्र लिहिण्याचीही गरज पडत नाही. माझी रचना पुढीलप्रमाणे होती. कंसाची दोन्ही टोके उभ्या अक्षाच्या दोन बाजूंना सममित असावीत, ही पहिली अट; तिने दोन राशी बांधल्या जातात. एक टोक आडव्या अक्षावर असावे आणि दोन टोकांमधील अंतर गाळ्याइतके असावे, या पुढच्या दोन अटी. त्यानंतर एक सुटा बिंदू घेतला, तो कंसावरही असावा आणि उभ्या अक्षावरही असावा असे सांगितले, आणि दोन अक्षांच्या छेदनबिंदूपासून त्याची उंची उठावाइतकी ठेवली. कंसाच्या पाच आणि बिंदूच्या दोन अशा सातही राशी येथे संपतात आणि आकृती हिरवी होते, म्हणजे आता काहीही मोकळे उरलेले नाही. ती पहिल्यांदा हिरवी झाली तेव्हा झालेला आनंद मी घरात सर्वांना बोलावून दाखवला.

त्रिज्येचे मापही दाखवून ठेवावे, मात्र ते संदर्भमाप म्हणून, म्हणजे केवळ दिसणारे, अट न होणारे. तीच त्रिज्या आणखी एक अट म्हणून घातली की अटी जास्त झाल्याचा किंवा परस्परविरोधी असल्याचा संदेश येतो, आणि तो रास्त आहे, कारण गाळा आणि उठाव ठरले की त्रिज्येला स्वातंत्र्य उरत नाही. दुसरी काळजी सुरुवातीच्या आकृतीची. प्रणाली उत्तर शोधते ते हाताशी असलेल्या आकारापासून हळूहळू सरकत. बिंदू कंसावर असावा ही अट ती पूर्ण वर्तुळाला लावते, त्यामुळे उठाव एकदम फार बदलला तर कमान उलटून खाली तोंड करू शकते. पहिला कंस अपेक्षित आकाराच्या जवळपास आखावा आणि मोठा बदल टप्प्याटप्प्याने करावा. उठाव शून्याकडे नेला की त्रिज्या अमर्याद वाढते आणि प्रणाली थांबते. गाळ्याच्या निम्म्याएवढा केला की अर्धवर्तुळ होते. त्याहून वाढवला की केंद्र कमानीच्या सुटण्याच्या पातळीच्याही वर चढते आणि कमान दोन्ही बाजूंना फुगते. या तीन अवस्था एकदा मुद्दाम करून पाहाव्यात, म्हणजे आपण कोणत्या मर्यादेत वावरत आहोत ते कळते.

गाळा, उठाव, चिऱ्यांची संख्या आणि दर्जेची (दोन चिऱ्यांमधील सांध्याची) जाडी या सगळ्या राशी मी स्प्रेडशीटमध्ये ठेवल्या, तिच्यातील प्रत्येक घराला (चौकोनाला) टोपणनाव दिले आणि स्केचमधील मापे त्या टोपणनावांना जोडली. हिशेबाच्या सवयीचा येथे खरा उपयोग झाला. त्याचे फळ २० जानेवारीला मिळाले. त्या दिवशी अभियंत्याने सांगितले की आम्ही धरलेला ३०० मिलिमीटरचा उठाव फार कमी आहे. कमान जितकी चपटी तितका तिचा आडवा रेटा, म्हणजे खांबांना बाजूला ढकलणारा जोर, अधिक. गाळा आणि भार तेच ठेवले तर हा रेटा साधारणपणे उठावाच्या व्यस्त प्रमाणात असतो. उठाव ४५० केला तर रेटा सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. शिवाय तिन्ही कमानींचा उठाव सारखा ठेवला तर मधल्या कमानीचा रेटा बाजूच्या कमानींच्या जवळपास दुप्पट येतो, म्हणून मधले खांबही बारीक करू नयेत, असे त्यांनी बजावले. मी घरी येऊन स्प्रेडशीटच्या एका घरातला आकडा बदलला. मधल्या कमानीची त्रिज्या १,९८७.५ वरून १,४५० झाली आणि बाजूच्या कमानींची ८५० झाली. हाताने पडताळायचे तर १,०५० चा वर्ग ११,०२,५०० आणि ४५० चा वर्ग २,०२,५००; बेरीज १३,०५,०००; तिला ९०० ने भागले की १,४५०. संगणकाने दिलेला आकडा असा एकदा कागदावर पडताळण्याची सवय मी शेवटपर्यंत ठेवली.

मध्यंतरी घरातून तीन केंद्रांच्या कमानीची सूचना आली, म्हणजे माथ्याला पसरट आणि टोकांना गोल. ती मी आखून पाहिली. तिच्यात दोन कंस सांध्यावर गुळगुळीत मिळायचे तर दोन्ही केंद्रे आणि सांध्याचा बिंदू एका रेषेत यावे लागतात. फ्रीकॅडमध्ये त्यासाठी दोन्ही कंसांची टोके निवडून त्यांना स्पर्शाची अट द्यावी. आधी टोके जोडून मग अख्ख्या कंसांना वेगळी अट दिली की अटी जास्त होतात. आकार देखणा होता, परंतु प्रत्येक कमानीला चिऱ्याचे दोन वेगळे फर्मे (कापणीसाठीचे नमुना-आकार) लागले असते आणि हाताने काम करणाऱ्या माणसावर तो भार घालणे मला योग्य वाटले नाही.

आता कागदपत्रे. दुरुस्तीच्या परवानगीसाठी आमच्याकडे अर्ज, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा) उतारा, सातबारा, अभियंत्याच्या सहीच्या नकाशाच्या प्रती आणि सहहिस्सेदारांचे संमतीपत्र मागण्यात आले. कोकणातील घरांमध्ये शेवटचा कागद सर्वांत वेळखाऊ असतो, कारण उताऱ्यावरील नावे मुंबईत विखुरलेली असतात. आमचे दीर आणि चुलत दीर कुणकेश्वरच्या यात्रेला येणार होते. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती, त्यामुळे संमतीपत्र ५०० रुपयांच्या मुद्रांकावर आधीच टंकून ठेवले आणि सर्व जण गावात असताना सह्या घेतल्या. नोटरीचे ३०० रुपये झाले. २८ फेब्रुवारीला अर्ज दिला आणि पोचवर शिक्का घेतला. तो शिक्का न चुकता घ्यावा. अर्ज मासिक सभेपुढे जातो, म्हणून सभेची तारीख आधी विचारून त्यापूर्वी अर्ज पोचेल असे पाहावे, नाहीतर आणखी एक महिना थांबावे लागते. ठरावाची प्रत २४ मार्चला हाती आली. आमचे घर टेकाडावर, भरतीरेषेपासून दूर असल्याने सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरील बांधकामाच्या निर्बंधांचा, प्रश्न आला नाही; ज्यांचे घर किनाऱ्याला किंवा खाडीला लागून आहे त्यांनी तो सर्वांत आधी तपासावा. अर्जासोबतच्या नकाशात मी गाळा, उठाव आणि त्रिज्या ही तिन्ही मापे लिहवून घेतली होती.

परवानगीची वाट पाहण्याच्या काळात चिऱ्यांच्या आराखड्याचे काम उरकले. आमच्याकडे येणारा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच असतो, आणि तो पाचरीच्या आकारात कापायचा होता. कमानीची जाडी ९ इंचांत बसेल अशी २२५ मिलिमीटर धरली. म्हणजे मधल्या कमानीच्या बाहेरच्या कंसाची त्रिज्या १,६७५ झाली. आतल्या कंसाची लांबी २,३४८ मिलिमीटर, बाहेरच्या कंसाची २,७१३. माथ्यावर मधोमध एक चिरा यावा म्हणून संख्या विषम हवी. १३ चिरे धरले तर १० मिलिमीटरची दर्ज वजा जाता प्रत्येक चिऱ्याची बाहेरची रुंदी १९९ येते आणि ती ७ इंचांच्या, म्हणजे १७८ मिलिमीटरच्या चिऱ्यातून निघत नाही. १५ धरले तर ती १७१ येते आणि निघते. बाजूच्या कमानींना याच हिशेबाने १३ चिरे पुरले. प्रत्येक चिऱ्याचा कोन मधल्या कमानीत ६.१९ अंश आणि बाजूच्या कमानींत ९.५३ अंश ठरला. चिऱ्याच्या दोन्ही बाजू केंद्राकडे रोखलेल्या असल्या पाहिजेत. म्हणून आतला आणि बाहेरचा कंस एकाच केंद्राला बांधला आणि बाजूच्या रेषा त्या केंद्रातून नेल्या.

एक चिरा तयार करून त्याच्या प्रती वर्तुळावर मांडताना एक बारकावा आहे. त्यासाठीच्या पोलर पॅटर्न या साधनात एकूण कोन ३६० पेक्षा कमी असेल, तर फ्रीकॅड तो कोन पहिल्या प्रतीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत मोजते. १५ चिऱ्यांमध्ये अंतरे १४ असतात. त्यामुळे पूर्ण ९२.७९ अंश न देता त्याचे पंधरातील चौदा भाग, म्हणजे ८६.६१ अंश द्यावे लागतात. हे सूत्र स्प्रेडशीटमध्येच लिहून ठेवले म्हणजे संख्या बदलली तरी मांडणी बिघडत नाही.

२७ मार्चला कणकवलीला जाऊन पूर्ण आकाराच्या छापील प्रती काढल्या. मधली कमान चिऱ्यांसह २,४२६ मिलिमीटर रुंद भरते, ती ३६ इंची रोलवर आडवी बसते. दोन प्रकारच्या कमानींचे मिळून ८६० रुपये झाले. छपाईच्या वेळी पानात बसवण्याचा पर्याय बंद आहे ना, ते समोर उभे राहून पाहावे, आणि आराखड्याच्या कोपऱ्यात बरोबर १,००० मिलिमीटरची एक रेषा काढून ठेवावी. दुकानातच त्या रेषेवर पोलादी टेप लावून खात्री केली. आपल्याकडच्या दमट हवेत कागद फुगतो, म्हणून घरी आल्यावर लगेच आकार १२ मिलिमीटरच्या प्लायवर उतरवला.

मेस्त्रींनी छापील कागद अंगणात अंथरला आणि स्वतःच्या रीतीने तो तपासला. मधल्या कमानीचे केंद्र सुटण्याच्या पातळीच्या बरोबर १,००० मिलिमीटर खाली येते. तेथे खिळा ठोकून १,४५० मिलिमीटरची सुतळी फिरवली, आणि तिचे टोक छापील रेषेवरून शेवटपर्यंत गेले. मी सोबत उंचीचे कोष्टकही दिले होते: मध्यापासून ३०० मिलिमीटरवर ४१९, ६०० वर ३२० आणि ९०० वर १३७. साच्यासाठी सुताराने तेच वापरले. मोठा कागद छापणे ज्यांना शक्य नाही त्यांनी असे कोष्टक काढले तरी पुरते. त्रिज्येच्या वर्गातून मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग वजा करावा, वर्गमूळ घ्यावे, आणि त्यातून केंद्राची खोली वजा करावी.

चिरे २९ मार्चला आले, एक ५२ रुपयांना, असे कमानींपुरते ६०. खाणीतून नुकताच निघालेला जांभा मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होत जातो, म्हणून फर्म्यावर कापण्याचे काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच उरकले. ४१ चिऱ्यांच्या कापणीचे प्रत्येकी १३० रुपयांप्रमाणे ५,३३० रुपये दिले. साचे आणि आधार यांचे सुताराने १७,५०० रुपये घेतले; खर्चातील ही सर्वांत मोठी बाब आहे आणि ती अनेकांच्या अंदाजपत्रकात नसते. तोवर आंबा काढणी ऐन भरात आली होती आणि मदतीला माणसे मिळत नव्हती, त्यामुळे मधल्या कमानीची मांडणी १६ एप्रिलला सुरू झाली. दोन्ही बाजूंनी एकेक चिरा चढवत नेला आणि माथ्यावरचा चिरा शेवटी बसवला. त्याच्या दोन्ही दर्जा जवळपास सारख्या आल्या. बाजूच्या कमानी २२ एप्रिलला पूर्ण झाल्या. अभियंत्याने किमान १४ दिवस आधार हलवू नका असे सांगितले होते. ते ८ मेला, मधल्या भागापासून टोकांकडे थोडेथोडे सैल करत काढले. आधी आणि नंतर माथ्याची उंची मोजली, तेव्हा मधली कमान ३ मिलिमीटर बसलेली आढळली आणि बाजूच्या कमानींत मोजण्याजोगा फरक दिसला नाही. त्या वर्षी मोसमी पाऊस २५ मेलाच कोकणात पोचला. तोवर पडवीचे छप्पर घालून झाले होते.

काम पूर्ण झाल्याचा अर्ज २ जूनला दिला. त्यासोबत परवानगीच्या ठरावाची प्रत, घराची छायाचित्रे आणि प्रत्यक्ष मोजलेली मापे जोडली. परवानगीच्या नकाशात उठाव ४५० आहे आणि मधल्या कमानीचा प्रत्यक्ष ४४७ भरतो, तो तसाच लिहिला. नमुना ८ वरील दुरुस्त नोंद ऑगस्टच्या उताऱ्यात आली. स्प्रेडशीट आणि स्केच असलेली फाईल मी मेस्त्रींच्या मुलाला दिली आहे. त्यात गाळा आणि उठाव ही दोन घरे पिवळी रंगवली आहेत, आणि बदलायची ती तेवढीच.